आंबेगाव पाण्याखाली, नाव मात्र चालू: ऑफिसातल्या डीएनएसची गोष्ट

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा एसटीत हेडफोन घरी राहिल्याचं आठवलं, त्यांच्यासाठी ही लेखी आवृत्ती. बोललो तसंच लिहिलंय. मधले 'अं' आणि 'हां' तेवढे काढलेत.

पाण्याखालचं गाव

आजची सुरुवात माझ्या आजीपासून. आजी आंबेगावची. आंबेगाव तालुक्याची तर आहेच, पण ती खुद्द आंबेगाव गावची. ते गाव आता नकाशावर शोधलंत तर निळा रंग दिसेल. घोड नदीवर डिंभे धरण झालं आणि गाव त्याच्या पाण्यात गेलं. त्या जलाशयाला आता हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. बाबू गेनू आपल्याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे.

आता गंमत बघा. गाव गेलं, पण तालुक्याचं नाव आंबेगावच राहिलं. तहसील कचेरी घोडेगावला. सातबाऱ्यावर, आधार कार्डावर, शाळेच्या दाखल्यावर आजही 'ता. आंबेगाव' छापून येतं. त्या पत्त्यावर पत्र टाकलं तर ते पोचतं. पोस्टमनकाका पत्र घेऊन धरणात उडी मारत नाहीत. कारण 'आंबेगाव तालुका म्हणजे आता कुठे जायचं' याची नोंद कुठेतरी आहे, आणि त्या नोंदीवर सगळ्यांचा विश्वास आहे.

नाव तेच, जागा बदलली, मधे एक वही. आजचा विषय ही मधली वही. कॉम्प्युटरच्या दुनियेत तिला डीएनएस म्हणतात, म्हणजे डोमेन नेम सिस्टिम. मशीनला मशीन शोधायला आकडा लागतो, आपल्याला लक्षात राहतं नाव. नाव दिलं की आकडा सांगायचा, एवढंच डीएनएसचं काम.

एवढंच. पण या एवढ्याशा कामात चूक झाली की काय होतं, ते मी नारायणगावात एका दुपारी स्वतःच्या हाताने करून बघितलंय.

नारायणगावात मी घातलेला गोंधळ

२०१५ चा मे महिना. मी मंचरला एका कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला होतो. वय एकवीस, डोक्यात हवा भरपूर. नारायणगावच्या एका ऑफिसातून फोन आला, 'नेट फार स्लो चाललंय, पोराला पाठवा.' ऑफिसचं नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हती, माझी होती. शेतकऱ्यांच्या मालाच्या पट्ट्या करायच्या आणि पैसे द्यायचे, असं तिथलं काम. चौदा कॉम्प्युटर, आणि लोखंडी कपाटाशेजारी पंख्याखाली ठेवलेला एक सर्व्हर.

मे महिना म्हणजे नारायणगावात टोमॅटो. रस्त्यावर पिकअप, पिकअपमध्ये क्रेट, आणि ऑफिसच्या पायऱ्यांवर पट्टीची वाट बघणारी माणसं.

मी बसलो. प्रत्येक कॉम्प्युटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी ऑफिसच्या सर्व्हरचा आकडा होता. मला वाटलं, हा जुनाट सर्व्हरच नेट अडवतोय. यूट्यूबवर बघितलेलं होतं की ८.८.८.८ टाकलं की नेट पळतं. हा गुगलचा सार्वजनिक डीएनएस, २००९ च्या डिसेंबरात सुरू झालेला. चौदाच्या चौदा मशीनवर मी तो टाकला. नेट खरंच पळालं. हेडक्लार्क अण्णा खूश. मी समोर जाऊन मिसळ मागवली.

तर्री ताटात पडते न पडते तोच फोन.

"अरे बाळा, कुठं हायेस? पट्टी निघंना."

"अण्णा, नेट चालू आहे ना?"

"नेट चालू हाय रे, पर आपला हिशोबच उघडंना. सर्व्हर सापडत नाय म्हणतंय. तीस माणसं उभी हायेत हितं."

धावत गेलो. हिशोबाचं सॉफ्टवेअर त्या कपाटाशेजारच्या सर्व्हरवर होतं, आणि प्रत्येक कॉम्प्युटर त्याला नावाने शोधायचा: हिशोब डॉट ऑफिस डॉट लोकल. हे नाव जगात फक्त एकाच ठिकाणी माहीत होतं, त्या सर्व्हरच्या स्वतःच्या डीएनएसमध्ये. मी काय केलं? सगळ्या कॉम्प्युटरना सांगितलं की घरातल्या माणसाला विचारू नका, अमेरिकेतल्या कंपनीला विचारा. कंपनीने खरं तेच उत्तर दिलं: असं नाव अस्तित्वात नाही.

पायऱ्यांवर एक मावशी बसल्या होत्या, ओतूरकडच्या. पोरीच्या ॲडमिशनचे पैसे त्याच दिवशी भरायचे होते. मला म्हणाल्या, "दादा, चारला कॉलेजचं ऑफिस बंद व्हतं." घड्याळात पावणेतीन झाले होते.

घाईघाईत मी एक तोडगा काढला. पहिला डीएनएस ऑफिसचा सर्व्हर, आणि दुसऱ्या रकान्यात ८.८.८.८. म्हटलं, घरातलं नाव घरात सापडेल, बाहेरचं बाहेर. हिशोब उघडला, पट्ट्या निघाल्या, मावशी वेळेत गेल्या. मी हिरो झाल्यासारखा परत आलो. तो तोडगा पहिल्या चुकीपेक्षा वाईट होता, हे आठ दिवसांनी कळलं. ते पुढे सांगतो. आधी थोडा इतिहास, नाहीतर दुसरी चूक नीट समजणार नाही.

एका वहीवर चाललेलं जग

१९७० चं दशक. इंटरनेटचा पूर्वज, अर्पानेट. अमेरिकेतली विद्यापीठं आणि संशोधन संस्था एकमेकांना जोडलेल्या. मशीनना नावं होती, आणि कोणत्या नावाचा आकडा कोणता याची एकच यादी होती. होस्ट्स डॉट टीएक्सटी नावाची साधी फाइल. ती ठेवायचे कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये, आणि ते केंद्र एलिझाबेथ फाइनलर या बाई सांभाळायच्या. सगळे त्यांना 'जेक' म्हणायचे. नवीन मशीन जोडलं की या केंद्राला कळवायचं, ते यादीत नोंद घालणार, आणि मग देशभरातली मशीनं ती यादी उतरवून घेणार.

म्हणजे अख्ख्या नेटवर्कसाठी एक तलाठी आणि एक दप्तर.

थोडी घरं असताना हे चाललं. मशीनं वाढली तशी तीन दुखणी सुरू झाली. एक, फाइल उतरवून घेणाऱ्यांची गर्दी. दोन, नावांची भांडणं, कारण एक नाव एकालाच मिळणार. तीन, तुमच्याकडची यादी जुनी आणि माझ्याकडची नवीन, म्हणजे एकाच नावाची दोन उत्तरं. या तिसऱ्या दुखण्यावर लक्ष ठेवा, नारायणगावात तेच परत भेटणार आहे.

१९८३ च्या नोव्हेंबरात पॉल मोकापेट्रिस यांनी नवी रचना मांडली. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एका संस्थेत ते काम करत होते. कल्पना अशी: एक यादी नकोच. नावाचे तुकडे करा, आणि प्रत्येक तुकड्याची जबाबदारी त्या त्या माणसाकडे द्या. वरच्याने खालचं सगळं पाठ करायची गरज नाही. खाली कोण बसलंय, एवढंच त्याला ठाऊक असलं की झालं. पुढच्याच वर्षी बर्कली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी यासाठी बाइंड नावाचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. १९८७ मध्ये डीएनएसचे सुधारित नियम आले, आणि त्यांच्याच पायावर आजही सगळं उभं आहे. तुम्ही आत्ता फोनवर हे पान उघडलंत, तेव्हाही तीच पद्धत वापरली गेली.

आणि जेकबाईंची ती जुनी फाइल? ती मेली नाही. विंडोजच्या प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये, सिस्टिम ३२ च्या पोटात, 'होस्ट्स' नावाची एक फाइल आजही असते. डीएनएसला विचारण्याआधी मशीन तिच्यातल्या नोंदी धरतं. एखाद्याने गंमत म्हणून तिच्यात काही लिहून ठेवलं असेल, तर तुम्ही दिवसभर डोकं आपटलंत तरी कारण सापडत नाही. स्वानुभव.

मु. पो. खोडद

आता ही तुकड्यांची रचना समजायला कॅलिफोर्नियात कशाला जायचं? नारायणगावहून खोडदला जाऊ. काही किलोमीटरचा रस्ता.

जुन्नर तालुक्यातलं खोडद म्हणजे जीएमआरटी, जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात उभी केलेली दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यातल्या १४ मधल्या चौकात आणि १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन हातांवर. पसारा सुमारे २५ किलोमीटरचा. २०२० मध्ये जगभरच्या इंजिनिअरांच्या आयईईई या संघटनेने तिला 'माइलस्टोन' म्हणून मान दिला. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे शाळेच्या पोरांची जत्रा भरते. मीही गेलो होतो, आठवीत असताना.

ही दुर्बीण चालवते पुण्यातली एनसीआरए ही संस्था, आणि ती टीआयएफआर या मुंबईच्या संस्थेचा भाग आहे. आता दुर्बिणीचा इंटरनेटवरचा पत्ता हळूहळू वाचा: जीएमआरटी डॉट एनसीआरए डॉट टीआयएफआर डॉट आरईएस डॉट इन.

आणि आपला टपालाचा पत्ता: मु. पो. खोडद, ता. जुन्नर, जि. पुणे, महाराष्ट्र.

दोन्हीकडे लहान आधी, मोठं नंतर. शोधताना मात्र उलटं, मागून पुढे. डीएनएसमध्ये सगळ्यात वर 'रूट' म्हणजे मूळ सर्व्हर असतात, तेरा नावांचे. त्यांना खोडद माहीत नाही. ते सांगतात, 'डॉट इन' वाल्याला विचारा. 'डॉट इन' वाला 'आरईएस' कडे बोट दाखवतो, म्हणजे संशोधन संस्थांचा कप्पा. तो टीआयएफआरकडे पाठवतो, टीआयएफआर एनसीआरएकडे, आणि शेवटी एनसीआरएवाले सांगतात, हा घ्या आकडा. जिल्ह्याच्या ठिकाणी विचारलंत तर तालुक्याला जा म्हणतील, तालुक्यात विचारलंत तर तलाठ्याकडे. फरक एकच, हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं, आणि एकदा मिळालेलं उत्तर काही काळ लक्षात ठेवतात, म्हणजे परत हेलपाटा नको.

हा 'डॉट इन' सुद्धा आपल्याकडचाच. ८ मे १९८९ ला भारताच्या नावाने तो नोंदला गेला आणि सांभाळायला होती मुंबईच्या जुहूतली एनसीएसटी ही सरकारी संस्था. १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट या शैक्षणिक नेटवर्कमधली ती एक भागीदार. लक्षात घ्या, सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून. म्हणजे घरात नळ यायच्या सहा वर्षं आधी गल्लीला नाव मिळालं होतं. २००५ मध्ये 'डॉट इन' चा कारभार निक्सी या संस्थेकडे गेला आणि कुणालाही थेट नाव घेता येऊ लागलं. २७ ऑगस्ट २०१४ ला देवनागरीतला 'डॉट भारत' आला. त्यात मराठीही बसते.

घरातलं नाव, बाहेरचं नाव

विज्ञान दिनाला खोडदला एक दादा माहिती देत होते. त्यांनी तबकड्यांची नावं सांगितली. मधल्या चौकातल्या सी पासून, मग पूर्वेच्या ई, पश्चिमेच्या डब्ल्यू, दक्षिणेच्या एस. सी शून्यपासून सी चौदापर्यंत. मी बोटं मोजली, शून्य ते चौदा म्हणजे पंधरा होतात. तबकड्या तर चौदा! विचारलं तर कळलं, सी सात नाहीच. दक्षिणेच्या हातावर एस पाचही नाही. पूर्वेला तर मोजणीच ई दोनपासून. नावं सलग असलीच पाहिजेत असा काही कायदा नाही. ज्यांना वापरायची आहेत त्यांना माहीत असली म्हणजे झालं.

ऑफिसातली आतली नावं अशीच असतात. खोडदच्या कंट्रोल रूममध्ये 'डब्ल्यू चार' म्हटलं की सगळ्यांना कळतं. नारायणगावच्या बाजारात 'डब्ल्यू चार' म्हणालात तर लोक तुमच्याकडे बघतील. त्या ऑफिसातलं 'हिशोब डॉट ऑफिस डॉट लोकल' अगदी तसंच होतं.

ऑफिसात आतली नावं वाढली ती १९९० नंतर. पूर्वी एका खोलीतली चार मशीनं एकमेकांना हाक मारून शोधायची, अक्षरशः. 'हिशोब कोण आहे?' असं सगळ्या वायरीवर ओरडायचं, ज्याचं नाव असेल तो उत्तर द्यायचा. १९९६ च्या फेब्रुवारीत इंटरनेटच्या नियमकर्त्यांनी काही आकडे खाजगी वापरासाठी पक्के केले. तुमच्या घरच्या वायफायवर १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा दिसतो ना, तो त्यातलाच. माझ्याही घरात तोच, तुमच्याही घरात तोच, आणि बाहेर त्याला काही किंमत नाही. प्रत्येक गावात एक मारुतीचं देऊळ असतं, तसं. मग १७ फेब्रुवारी २००० ला विंडोज २००० आलं, त्यात ॲक्टिव्ह डिरेक्टरी आली, आणि चित्र बदललं. आता कॉम्प्युटर सुरू होताना लॉगिनसाठी सर्व्हर कुठे आहे, हेसुद्धा डीएनएसला विचारू लागला. आतला डीएनएस पडला तर नुसता हिशोब बंद होत नाही, माणूस स्वतःच्या खुर्चीवर बसून लॉगिन करू शकत नाही.

म्हणजे आता प्रत्येक ऑफिसला दोन जगं. आतली नावं, जी जगाला माहीत नाहीत आणि नसावीत. बाहेरची नावं, जी आतल्या सर्व्हरला पाठ नाहीत. कॉम्प्युटर मात्र एकच प्रश्न विचारतो, 'या नावाचा आकडा काय?' हा प्रश्न कुणाला विचारायचा, इथे सगळी मेख.

आठ दिवसांनी परत

तर माझा तोडगा आठवा. पहिला डीएनएस आतला, दुसरा ८.८.८.८.

आठ दिवसांनी सोमवारी अकरा वाजता नारायणगावात लाइट गेली. दहा मिनिटांनी आली. कॉम्प्युटर एका मिनिटात उठले, सर्व्हर म्हातारा, त्याला उठायला दहा मिनिटं. मधल्या वेळात कॉम्प्युटरनी पहिल्याला विचारलं, उत्तर नाही. मग दुसऱ्याला विचारलं. दुसरा म्हणाला, 'असं नाव अस्तित्वात नाही.'

माझी समजूत अशी होती की एकाकडे नाव नसेल तर कॉम्प्युटर दुसऱ्याला विचारेल. बहुतेकांची हीच समजूत असते, आजही. ती चुकीची आहे. दुसऱ्याला विचारतात ते पहिला गप्प असला तर. 'नाही' हे गप्प बसणं नव्हे, ते पूर्ण उत्तर आहे. 'नाही' मिळालं की कॉम्प्युटर शोध थांबवतो, वर ते 'नाही' काही काळ लक्षातही ठेवतो. शिवाय एकदा दुसऱ्याने उत्तर दिलं की कॉम्प्युटर थोडा वेळ त्यालाच धरून बसतो, पहिला जागा झाला तरी. त्यामुळे चौदापैकी काही मशीनवर हिशोब चालला, काहींवर नाही, आणि कुठल्या चालतील ते दर पाच मिनिटांनी बदलत होतं. पूर्ण बंद पडलेलं परवडतं हो. अर्धवट बंद माणसाला वेडं करतं.

जेकबाईंच्या काळातलं तिसरं दुखणं, एका नावाची दोन उत्तरं, मी चौदा मशीनवर हाताने पेरून ठेवलं होतं.

अण्णा ओरडले नाहीत. त्यांनी पावतीपुस्तक काढलं, कार्बन घातला आणि हाताने पट्ट्या लिहायला लागले. तो आवाज, बॉलपेनचा कार्बनवरचा, मला अजून आठवतो. मी कोपऱ्यात उभा. त्या दिवशी संध्याकाळी साताला शेवटचा माणूस गेला.

काकांची दुरुस्ती

दुकानातले आमचे सिनियर, त्यांना आम्ही काकाच म्हणायचो, त्यांना मी फोन लावला. ते म्हणाले, "आधी मला सांग, घरात एखादी गोष्ट कुठंय हे तू कुणाला विचारतोस?"

"आईला."

"आणि बाजारातला भाव?"

"तोही आईलाच. ती शेजारच्या काकूंना विचारून सांगते."

"मग झालं तर. कॉम्प्युटरनं फक्त आईला विचारायचं."

याला म्हणतात फॉरवर्डर. दुसऱ्या दिवशी काका स्वतः आले, आणि अर्ध्या तासात काम झालं. तुमच्यापैकी कुणी ऑफिसचं नेटवर्क बघत असेल तर ते काम असं होतं.

प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये डीएनएस म्हणून फक्त आतला सर्व्हर. दुसरा रकाना रिकामा, किंवा त्यात दुसरा आतलाच सर्व्हर, ज्याच्याकडे त्याच नोंदींची नक्कल आहे. सर्व्हरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये बाहेरचा डीएनएस घालायचा नाही, त्याने स्वतःलाच विचारायचं. ८.८.८.८ ला जागा एकच, सर्व्हरच्या फॉरवर्डर यादीत. आतलं नाव आलं तर सर्व्हर स्वतः उत्तर देणार, बाहेरचं आलं तर तो बाहेर विचारून आणणार आणि लक्षात ठेवणार. वायफायचा राउटर प्रत्येकाला आकडे वाटतो, त्यालाही सांगायचं की डीएनएस म्हणून आतल्या सर्व्हरचाच आकडा वाट. नाहीतर नवीन लॅपटॉप आला की परत तोच तमाशा.

आणि नेट स्लो का होतं, माहितीये? सर्व्हरच्या फॉरवर्डर यादीत पहिला आकडा एका जुन्या कनेक्शनचा होता, जे ऑफिसने कधीच बंद केलं होतं. प्रत्येक बाहेरच्या नावासाठी सर्व्हर आधी त्या मेलेल्या दाराशी काही सेकंद उभा राहायचा, मग पुढच्याकडे जायचा. एक ओळ खोडायची होती. मी चौदा मशीन बदलल्या.

जाता जाता काकांनी आणखी एक सापळा दाखवला. काही ऑफिसं आतल्या नेटवर्कला आपल्या वेबसाइटचंच नाव देतात. मग होतं काय, वेबसाइट अख्ख्या जगाला दिसते, फक्त त्यांच्याच ऑफिसात दिसत नाही! कारण आतला सर्व्हर म्हणतो, या नावाचा मालक मी, माझ्या वहीत वेबसाइटची नोंद नाही, म्हणजे ती नाहीच. बाहेर विचारायला तो जातच नाही. उपाय साधा, वेबसाइटचा बाहेरचा आकडा आतल्या वहीतही लिहायचा, आणि वेबसाइटची जागा बदलली की दोन्ही वह्या बदलायच्या. ही दुसरी वही बदलायची राहते. हमखास.

शेवटी काकांनी पाठकोऱ्या कागदावर सगळं लिहिलं, कोणता सर्व्हर, कोणता आकडा, फॉरवर्डर कोण, आणि तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. म्हणाले, "तू उद्या पुण्याला जाशील. अण्णांना कळलं पाहिजे."

तुमच्या हातातला फोन

'माझा काय संबंध, मी काही सर्व्हर लावत नाही' असं म्हणत असाल, तर थांबा.

२०१८ मध्ये अँड्रॉइड ९ आलं. त्यात सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' नावाची एक गोष्ट आली. पूर्वी नावांचे प्रश्न उघडे जायचे, मधल्या कुणालाही वाचता यायचे. इथे ते बंद पाकिटात जातात. चांगली गोष्ट आहे. जाहिराती अडवायला तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तिथे कुठल्यातरी सेवेचं नाव टाकलेलं असेल. आता हा फोन घेऊन ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या वायफायवर जा आणि तिथली आतली साइट उघडा, हजेरीची, लायब्ररीची, काहीही. उघडणार नाही. कारण तुमचा फोन आईला न विचारता थेट परगावी विचारतोय. मी २०१५ मध्ये चौदा मशीनवर केलं, तेच तुमच्या खिशात झालंय. तेवढ्यापुरतं सेटिंग 'ऑटोमॅटिक' वर आणा, काम झालं की परत बदला. चिडून आयटीवाल्या दादाला शिव्या घालू नका.

आणि ते 'डॉट लोकल'? ते नाव एके काळी हजारो ऑफिसांनी मनानेच घेतलं होतं. २०१३ मध्ये ते अधिकृतपणे वेगळ्याच कामाला राखून ठेवलं गेलं, एका खोलीतली मशीनं एकमेकांना हाक मारून शोधतात त्यासाठी. ज्या ऑफिसांनी ते वापरलं होतं तिथे ॲपलची मशीनं अडखळायची. अखेर २०२४ च्या जुलैत आयकॅन या जागतिक संस्थेने 'डॉट इंटर्नल' हे नाव आतल्या वापरासाठी कायमचं बाजूला काढून ठेवलं. ते बाहेरच्या जगात कधीच कुणाला विकलं जाणार नाही. डीएनएस जन्मल्यापासून चाळीस वर्षं उलटल्यावर घरातल्या नावांना स्वतःची हक्काची गल्ली मिळाली.

नाणेघाट

शेवट जुन्नरच्याच दुसऱ्या टोकाला करतो. नाणेघाटाची गुहा तुमच्यापैकी अनेकांनी पावसाळी ट्रेकला बघितली असेल. सेल्फी काढून झाल्यावर मागच्या भिंतीकडे कधी नीट बघितलंय? सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तिथे सातवाहन राजघराण्याचे पुतळे कोरले होते, आणि वर प्रत्येकाचं नाव ब्राह्मी लिपीत. सिमुक, सातकर्णी, नागनिका. आज पुतळे नाहीत, पायांच्या खुणा तेवढ्या उरल्यात. नावं मात्र शाबूत.

नेटवर्कवाले अशा नोंदीला 'स्टेल रेकॉर्ड' म्हणतात. नाव आहे, पण त्या जागी आता कुणी नाही. त्या ऑफिसातला बंद कनेक्शनचा आकडा म्हणजे तेच होतं. नाणेघाटात अशी नोंद सापडली की तो इतिहास असतो, जपायचा. ऑफिसात सापडली की खोडायची, कारण पायरीवर कुणीतरी मावशी चारच्या आत कॉलेजला पोचायची वाट बघत बसलेली असते.

मागच्या वर्षी मी सहज त्या ऑफिसात गेलो होतो. अण्णा रिटायर झालेत. सर्व्हर नवा आहे. कपाट तेच. दार उघडून बघितलं तर काकांचा कागद अजून चिकटलेला, आणि त्याखाली वेगळ्या अक्षरात, वेगळ्या शाईने, नव्या सर्व्हरचा आकडा लिहिलेला. जुना आकडा एका रेघेने खोडलेला. कुणी लिहिलं, विचारलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मीच. अण्णांनी सांगून ठेवलं होतं, सर्व्हर बदलला की कागद बदल."

चला तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या ऑफिसात, शाळेत, पतसंस्थेत असा कागद आहे का, उद्या बघा. नसेल तर एक चिकटवा. भेटू पुढच्या भागात. राम राम!